केराबाईनं सासू माघारी आणली

सोलापुरात बाळीवेशीच्या अलीकडं, घोंगडी विणणाऱ्या धनगरांच्या गल्लीत, सकाळ दोनदा व्हायची. एकदा गिरणीचा भोंगा झाला की, आणि दुसऱ्यांदा बाळाबाई आणि केराबाई या सासू-सुनेचं भांडण पेटलं की. गिरणीत संप झाला तर भोंगा चुकायचा. भांडण मात्र कधी चुकलं नाही.

भांडणाचं मूळ म्हणाल तर खळ. घोंगड्याचं उभं सूत मागावर चढवण्याआधी त्याला चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून केलेली खळ चोपडावी लागते, नाहीतर लोकरीचा धागा जागोजागी तुटतो. ही खळ सून शिजवायची आणि सासू नापास करायची. बाळाबाई दोन बोटं भांड्यात बुडवणार, बोटं फाकवून बघणार आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारणार, “केरे, ही खळ हाय का म्हशीचं धुवान?”

“म्हशीला तरी तुमी एवढं बोलत न्हाय, आत्याबाई!”

“म्हस दूध देती. तू काय देतीस?”

“ऐकून घेती की! दुसरी कोन ऐकंल तुमचं?”

केराबाईची एक गंमत होती. तोंडाला कितीही फेस आला तरी सासूला ‘तुमी’च म्हणायची. वाटेल ते बोलायची, पण मानानं बोलायची. आणि हे सगळं चाललेलं असताना केराबाईचा नवरा धुळाप्पा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून मुकाट घोंगडं विणत असायचा. त्याला कुणी म्हणालं, “धुळाप्पा, मधी पड की रं,” तर म्हणायचा, “आधीच खड्ड्यात हाय, आनखी कुटं पडू?”

आता खरं सांगायचं तर ही केराबाई त्या घरात सून म्हणून आली तेव्हा परकर सावरायचंही तिला कळत नव्हतं. आई लहानपणीच गेलेली, बाप मेंढरांमागं मुलूखभर हिंडणारा. लग्न झालं, तशी ती बाळाबाईच्या ओसरीवर आली, ती तिथलीच झाली. पहिल्या आठवड्यात बाळाबाईनं तिच्या हातात लोकर कातायची चाती दिली आणि चातीबरोबर पहिली शिवीही दिली. दोन्ही गोष्टी केराबाईनं मन लावून शिकून घेतल्या. पुढं तिचं सूत इतकं सारखं यायला लागलं, की बाजारात जाणती माणसं घोंगड्यावर हात फिरवून “हे बाळाबाईच्या घरचं दिसतंय” असं म्हणायची. बाळाबाईनं मात्र तिच्या सुताला चांगलं म्हटल्याचं कुणी ऐकलं नाही. फार झालं तर “चालंल” म्हणायची. ज्या दिवशी ‘चालंल’ मिळे, त्या दिवशी केराबाईच्या घरी गोड होई, आणि ते कशाबद्दल हे धुळाप्पाला कधी कळत नसे.

तर अशा त्या बाळाबाईच्या कपाळावर, उजव्या भुवईच्या वर, एक टेंगूळ आलं. हाडासारखं कठीण. दुखायचं नाही, म्हणून आधी सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. शेजारची लिंगायताची चंद्रव्वा म्हणाली, “यव्वा, भांडून भांडून शिंग फुटलं की हो तुम्हाला!” बाळाबाईनं तिला लगेच सांगितलं, “दुसरं फुटू दे, मग तुलाच पैली ढुशी.”

पण वर्ष सरता सरता डोकं दुखायला लागलं. ती सकाळी उठायची, तीच कपाळाला फडकं आवळून. उजव्या डोळ्यानं अंधूक दिसू लागलं. आणि एके दिवशी लोकर पिंजता पिंजता तिला झटका आला. दात बसले, हातपाय ताठ झाले. गल्लीनं कांदा हुंगवून पाहिला, चप्पल हुंगवून पाहिली, देवऋष्यालाही आणून झालं. शेवटी केराबाईनं टांगा बोलावला आणि सासूला मांडीवर घेऊन गावातल्या मोठ्या दवाखान्यात गेली. धुळाप्पा टांग्यामागं पळत.

तिथले डॉक्टर विलायतेत शिकून आलेले. त्यांनी टेंगळावर बोट ठेवलं, डोळ्यांत उजेड पाडून पाहिला, फोटो काढला आणि सांगितलं, “वर दिसतंय ते नुसतं हाड फुगलंय. खरी गाठ आत आहे. मेंदूला दाबतेय. कवटी उघडून काढावी लागेल. बाई वाचतील असं मी वचन देत नाही. पण नाही काढली तर डोळे जातील, आणि पुढं जीवही.”

धुळाप्पानं केराबाईकडं पाहिलं, केराबाईनं धुळाप्पाकडं. डॉक्टर दोघांच्या तोंडाकडं बघत उभे. तेवढ्यात खाटेवरून बाळाबाईचा आवाज आला.

“ह्यांना काय इच्यारतासा? डोस्कं माजं हाय. कापा. मेले तर हिला मोकळं रान, जगले तर हिची खैर न्हाय.”

“तेच म्हनते मी,” केराबाई डोळे पुसत म्हणाली. “कापा, सायेब. ह्या अशा मरत्यात व्हय!”

ऑपरेशन झालं. ते चाललं तेवढा वेळ केराबाई बाहेरच्या लिंबाखाली बसून होती. धुळाप्पानं तिथल्या तिथं बिरोबाला बकरं बोललं. संध्याकाळी डॉक्टर हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, गाठ निघाली, अक्रोडाएवढी होती, आता बाई शुद्धीवर येईपर्यंत काही विचारू नका.

बाळाबाई शुद्धीवर आली. पाणी मागितलं. डोक्याला हे एवढं पांढरं पागोटं, त्याखाली केस काढलेले, एक डोळा सुजून बंद. पण लेकाला ओळखलं, सुनेला ओळखलं. पुढं जखम भरत आली, डोकेदुखी गेली, अंधूक डोळ्याला थोडं थोडं दिसू लागलं. सिस्टर प्रभाबाई कडक शिस्तीच्या, त्यासुद्धा म्हणाल्या, “इतकी गुणी पेशंट मी पाहिली नाही. औषध द्या, घेतात. इंजेक्शन द्या, घेतात. तक्रार म्हणून नाही.”

धुळाप्पा खूश. केराबाईच्या मात्र कपाळावर आठी. तक्रार म्हणून नाही? कुणाची, बाळाबाईची?

तिनं पहिल्यांदा हेरलं ते पदरावरून. बाळाबाईचं डोकं उघडं असं परक्या पुरुषानं जन्मात पाहिलं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी पुरुषाचा खोकला ऐकू आला की इकडं हिचा पदर डोक्यावर. आणि इथं डॉक्टर येत होते, कंपाउंडर येत होता, मेहतर झाडून जात होता, आणि बाळाबाई बोडक्या डोक्यानं छताकडं बघत पडलेली. केराबाई दर वेळी धावत जाऊन पागोट्यावरून पदर घालायची. बाळाबाई म्हणायची, “व्हय, घाल.” तिनं काढून ठेवला असता तरी म्हणाली असती, “व्हय, काढ.”

मग चंद्रव्वा भेटीला आली. बाळाबाई तिला म्हणाली, “ये बाई, बस. उनाचं आलीस, दमली असशील.” चंद्रव्वा दचकून मागं बघायला लागली, कुणाला म्हणतेय म्हणून. परत गल्लीत गेली ती सांगतच सुटली. त्या दिवशी विहिरीवर सगळ्या सुनांचा एकच विषय. हे डॉक्टर सासवांच्या डोक्यातलं नेमकं काय काढतात आणि आपलीचा नंबर कधी लागेल? चंद्रव्वा म्हणाली, “गाठ नसली तरी चालतंय का, एवढं एकदा इच्यारून ये गं कुनीतरी.”

हसून हसून साऱ्यांची पोटं दुखली. केराबाई तेवढी हसली नाही.

तिनं एक परीक्षा घ्यायची ठरवली. घरी जाऊन मुद्दाम वाकडंतिकडं सूत कातलं. कुठं दोरीएवढं जाड, कुठं केसाएवढं बारीक, काळ्यात पांढरं मिसळलेलं. असलं सूत आठ वर्षांच्या पोरीनं कातलं असतं तरी बाळाबाईनं चाती तिच्या डोक्यात घातली असती. दवाखान्यात येऊन ते तिनं सासूच्या हातात ठेवलं. बाळाबाईनं त्यावरून बोटं फिरवली. केराबाई शिवीची वाट बघत उभी.

“छान हाय गं,” बाळाबाई म्हणाली.

केराबाई तडक बाहेर गेली आणि दवाखान्याच्या नळामागं उभी राहून हुंदके देऊन रडली. धुळाप्पा शोधत आला. त्याच्या हातात भंडाऱ्याची पुडी, चेहरा उजळलेला.

“रविवारी बिरोबाला जाऊन येतो. बकरं बगून ठेवलंय. आगं, रडतीस का? आता तर आई गोड बोलती तुज्यासंगं!”

“गोड बोलती म्हनूनच रडते. अवो, जन्मात कवा छान म्हनल्या का त्या मला? ह्या आत्याबाई न्हाईत. आत्याबाई अजून माघारी आल्या न्हाईत.”

“मग बकऱ्याचं?”

“ऱ्हाऊ द्या. देवाला सांगा, काम अर्दं झालंय. अर्द्या कामाला पुरी मजुरी कोन देतं?”

देवाचं देणं अडवून धरणारी बाई धुळाप्पानं पहिल्यांदाच पाहिली. तो गुपचूप पुडी कनवटीला लावून परत फिरला.

आणि मग तो दिवस आला, ज्याची गोष्ट केराबाई घरी पोचायच्या आत गल्लीत पोचली. डॉक्टर म्हणाले, जखम भरली, आता घरी न्यायला हरकत नाही. केराबाई म्हणाली, “न्हाय नेनार.”

वॉर्डातल्या बायका उठून बसल्या. सिस्टर प्रभाबाईंनी कपाळाला हात लावला. “अगं, एवढी गरीब गाय सासू, आणि तिला घरी न्यायला नको म्हणतेस?”

“गाय हाय म्हनूनच न्हेत न्हाय, शिस्टर. आमची वाघीन होती.” मग ती डॉक्टरांकडं वळली आणि हात जोडले. “सायेब, तुमी गाठ काढली, लई उपकार झालं. जीव वाचिवला. पर ही आमची म्हातारी न्हाय. आमची हितंच कुटं तरी ऱ्हायलीया. ती घेतल्याबिगर मी घरी जानार न्हाय.”

डॉक्टर आधी हसले. मग तिचा चेहरा बघून हसायचे थांबले. खुर्ची ओढून बसले आणि तिला समजेल असं सांगितलं. “गाठीनं मेंदू बरेच दिवस दाबून धरला होता. गवतावर दगड ठेवला आणि उचलला, तर गवत लगेच उभं राहतं का? सावकाश राहतं. काहींचं उभं राहतं, काहींचं नाही राहत. तुमच्या सासूचं काय होईल, ते मला खरंच सांगता येत नाही. आणखी काही दिवस ठेवून घेतो. तुम्ही तिला रोजचं काम दाखवा. तिच्याशी बोलत राहा.”

“बोलू?”

“हो.”

“आमी घरी जसं बोलतो, तसं?”

“अगदी तसंच,” डॉक्टर म्हणाले. बिचारे. घरी या दोघी कसं बोलतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या वेळी केराबाई सासूला धरून व्हरांड्यात आणायची. लोकर वॉर्डात आणायची नाही असं सिस्टरनं बजावलं होतं, म्हणून व्हरांडा. खांबाला टेकवून बसवायची, समोर चाती घेऊन बसायची, वेडंवाकडं सूत कातायची, आणि भांडण काढायची.

“बगा आत्याबाई, कसं कातलंय. तुमच्यापरीस झ्याक.”

“व्हय,” बाळाबाई म्हणायची.

“खळ आज पान्यासारखी केली. कोन काय करतंय माजं?”

“बरं केलंस.”

आता भांडणाला दोन माणसं लागतात. एकट्यानं भांडता येत नाही, असं आपण समजतो. केराबाईनं ते खोटं करून दाखवलं. सासू उत्तर देईना, तर सासूचं उत्तरही ती स्वतःच द्यायला लागली, सासूच्याच आवाजात, मान तशीच तिरकी करून. “केरे, ही खळ हाय का म्हशीचं धुवान?” मग मान सरळ करून स्वतःच्या आवाजात, “म्हशीला तरी तुमी एवढं बोलत न्हाय!” परत मान तिरकी. सासूच्या वाटणीच्या सगळ्या शिव्या ती स्वतःच स्वतःला घालायची, आणि मग त्यांना स्वतःच चोख उत्तर द्यायची. पुरुषांच्या वॉर्डातले पेशंट खिडकीशी जमायला लागले. एक पाय मोडलेला गिरणी कामगार तर बाजू घ्यायला लागला. तो सासूच्या बाजूचा. सिस्टर प्रभाबाई दोनदा हाकलायला आल्या, पण डॉक्टरांनीच सांगितलंय म्हटल्यावर पाय आपटत परत गेल्या.

गल्लीत कुणी म्हणे, सुनेलाही लागलं वेड. कुणी म्हणे, इतक्या वर्षांचा वचपा काढतेय बिचारीवर. चंद्रव्वानं मात्र एकदा कोपऱ्यावरून ते भांडण पाहिलं, आणि त्यानंतर तिच्यासमोर केराबाईला नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती.

मध्येच एकदा डॉक्टर व्हरांड्यातून चालले होते, तेव्हा बाळाबाईचा हात उचलला गेला. डोक्याकडं निघाला. खांद्यापर्यंत आला, तिथंच काय करायचं ते विसरला, आणि परत मांडीवर पडला. दुसरं कुणी बघितलंही नसतं. केराबाईनं बघितलं. घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं, “आत्याबाई निगाल्यात. वाटंत हाईत.”

पण वाट लांबली. दिवस चालले. घरचं काम पडलं, धुळाप्पाला सूत पुरेना, केराबाई पहाटे उठून कातायची, खळ करायची, स्वयंपाक करायची आणि भाकरी बांधून दवाखाना गाठायची. थकली. त्या दिवशी उन्हानं व्हरांडा तापला होता. बाळाबाई खांबाला टेकून शांत बसली होती. केराबाईचं भांडण नेहमीसारखं चाललं होतं, पण त्यात जीव नव्हता. धागा तुटला. तिनं जोडला, परत तुटला. तिनं मान तिरकी केली आणि सासूच्या आवाजात स्वतःला म्हणाली, “नीट जोड की. तुज्या आयनं काय शिकिवलंच न्हाय तुला!”

“मी असं कवा बोलले?”

आवाज बारीक होता, खरबरीत होता, पण खांबाकडून आला होता. केराबाईच्या हातातली चाती फरशीवर पडून घरंगळत गेली.

बाळाबाई सुनेकडं रोखून बघत होती. एक डोळा अर्धा मिटलेला, दुसरा पूर्ण उघडा, आणि त्या उघड्या डोळ्यात ती स्वतः हजर होती.

“सांग की. तुज्या आयचं नाव मी कवा काडलं? मेलेल्या मान्साला मी बोलीन व्हय? एवडीशी होतीस तू, चाती तुज्यापरीस उंच. तुला मी शिकिवलं. चुकलीस तर ती माजी चूक, तुज्या आयची न्हवं.” दम लागला, तशी थांबली. मग पुन्हा. “आन् काय गं सटवे, माज्या तोंडात खोटं घालतीस? बोलायचं तर मी बोललेलं बोल. आन् हे काय सूत कातलंयस? शेरडानं चगळून टाकल्यावानी!”

केराबाई म्हणाली, “तुमीच तर म्हनला छान हाय म्हनून!”

“मी? ह्याला?” बाळाबाईनं आजूबाजूला पाहिलं, साक्षीदार शोधावा तसं. “डोस्कं फिरलं काय माजं?”

खिडकीतल्या मोडक्या पायवाल्यानं टाळी वाजवली. गडबड ऐकून सिस्टर प्रभाबाई धावत आल्या. बघतात तर सून सासूच्या पायांवर डोकं ठेवून रडतेय, आणि सासू तिच्या पाठीत लटक्या बुक्क्या मारत म्हणतेय, “उट, उट, लोकर भिजंल!”

“काय झालं? काय झालं?” सिस्टरनं विचारलं.

“शिस्टर,” केराबाई तोंड वर करून म्हणाली, “आल्या! आमच्या आत्याबाई आल्या!”

आता ती शेवटची गोष्ट, आईचं नाव काढायची, केराबाईनं मुद्दाम केली की दमून तोंडातून निसटली, यावर गल्लीत दोन तट आहेत. केराबाईला विचारलं तर म्हणते, दमले होते. बाळाबाईला विचारलं तर म्हणते, तिला एवढी अक्कल असती तर खळ नसती का जमली? पण हे म्हणताना सुनेकडं बघते, आणि बघताना जे काही तोंडावर येतं, ते झाकायला तिला पदर पुरत नाही.

त्या रविवारी धुळाप्पा बकरं घेऊन बिरोबाला गेला. केराबाईनं स्वतः भंडारा उधळला, आणि सोमवारी सासूला टांग्यातून घरी आणलं. टांगा गल्लीत शिरला तेव्हा सगळी गल्ली दारात. बाळाबाई वाटभर तक्रार करत आली होती. टांगा आदळतो, सुनेनं धरलंय ते घट्ट धरलंय, सैल धरलंय, उशीरच झाला. चंद्रव्वानं पुढं होऊन विचारलं, “कशी हाय गं सासू?”

“काय सांगू चंद्रव्वा,” केराबाई म्हणाली, “बाळीवेशीपास्नं हितवर तोंड म्हनून मिटलं न्हाय त्यांचं!” एखाद्या बाईनं आपला लेक मॅट्रिक पास झाल्याचं सांगावं, तसं सांगितलं तिनं.

पण सगळंच काही परत आलं नाही, हेही खरं. बाळाबाईच्या उजव्या डोळ्याला अंधूकच दिसत राहिलं. डाव्या हातात पहिल्यासारखी पकड नाही. बारीक सूत तिला परत कधी कातता आलं नाही. आता ती ओसरीवर बसते आणि केराबाईनं कातलेलं सूत बोटांनी तपासते. आणि भांडता भांडता दमते. वाक्य अर्ध्यावर आलेलं असतं, “केरे, तुला किती येळा सांगितलं, खळीत चिंचोका…” आणि तिथंच मान खाली जाते, डोळा लागतो.

परवा असंच झालं. बाळाबाईला डुलकी लागली आणि नेमका भांड्यांना कल्हई लावणारा ओरडत गल्लीत शिरला. केराबाई चाती हातात घेऊन ओसरीवरून उठली, त्याच्यापाशी गेली आणि ओठांवर बोट ठेवलं.

“हळू रं दादा. आत्याबाईंचं बोलनं अर्दं ऱ्हायलंय. जाग्या झाल्या की फुडचं ऐकायचं हाय मला.”